खिळ्याला टांगलेलं हेड

गिटारवाल्यांचं मत ऐकायचं असेल तर त्यांना नेहमीपेक्षा वेगळ्या घडणीची गिटार दाखवावी आणि गप्प बसावं. आधी ते हसतात. मग हातात न घेताच तिचा आवाज कसा असेल ते सांगतात. मग हातात घेतात, दोन मिनिटं वाजवतात, आणि आधी सांगितलेलंच पुन्हा सांगतात.

मी घोटावड्यात राहतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिटार दुरुस्त करतो, आणि कुणी फारच मागे लागलं तर नवी बनवतोही. लोक मला मिस्त्री म्हणतात. या अंकाच्या संपादकबाई मुलीची गिटार घेऊन आल्या होत्या, त्यांनी 'तुमचे अनुभव लिहाच' म्हणून गळ घातली. मी हो म्हणालो आणि तेव्हापासून पस्तावलोय. एका जागी बसणं माझ्या स्वभावातच नाही. एवढं लिहिताना मी तीनदा उठलो: एकदा लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं झाकायला, एकदा ते झाकलंय का बघायला, आणि एकदा उगीच. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून बसलोय.

मी मूळचा गिटारवाला नव्हे. पिरंगुटकडच्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं लाकडी साचे बनवायचो. पंपाचा लोखंडी भाग ओतायचा तर आधी तो तसाच्या तसा लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा हिशेबानं किंचित मोठा करायचा. केसाएवढी चूक झाली तरी अख्खा माल भंगारात. पुढे साचे मशीनवर व्हायला लागले आणि आमचं खातं बंद झालं. त्याच सुमाराला सूसच्या एका इंजिनिअरची मोडलेली गिटार मी सांधून दिली. ती कुठं मोडली होती ते त्याला भिंग घेऊनही सापडेना. त्यानं चार जणांना सांगितलं, आणि मी गिटारवाला झालो.

वाद्याशी ओळख मात्र लहानपणापासूनची. आमच्या वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीला बेंजो पार्टी असायची आणि माझा थोरला भाऊ, दादा, बेंजो वाजवायचा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांना सांगतो. एक फळी, तिच्यावर तारा, तारांवर टाईपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि वायर नेऊन कर्ण्याला जोडायची. त्याला ना कंबर, ना पोट. दिसायला इस्त्रीचं टेबल. पण दादानं विहारापाशी पहिली तार छेडली की म्हाताऱ्या बायकासुद्धा पार चौकापर्यंत नाचत जायच्या. हे असं फळकूट का दिसतं, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्याची तुटलेली बटणं मी बसवून द्यायचो, तेवढाच माझा वाटा.

गिटारवाल्यांचं तसं नसतं. हिंजवडीत नोकरी करणारे एक साहेब आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार घेऊन आले होते. तिच्या दांड्यावरचे पडदे, म्हणजे बोटं ठेवायला आडव्या पट्ट्या असतात त्या, सरळ नव्हते, हातपंख्याच्या काड्यांसारखे तिरके पसरलेले होते. जाड तारेला लांबी जास्त मिळावी म्हणून तसं करतात. शेडमध्ये दुसरा एक गिटारवाला बसला होता. तो म्हणाला, "काय हो, हिच्यावर कुणी बसलं होतं का?" दुसऱ्या एकाच्या गिटारीला पोटावर भोक नव्हतं, वरच्या कडेला होतं, वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे. आवाज त्याला स्वतःला नीट ऐकू यावा हा हेतू. तिला बघून एक बाई म्हणाल्या, "आणि झाकण कुठं विसरलात?"

सगळंच वेगळं चांगलं असतं असंही नाही. एक गिटार आली होती, पुरी त्रिकोणी. मालक फार ऐटीत होता. बसून वाजवायला घेतली की ती मांडीवरून घसरायची, म्हणून त्यानं पँटला मांडीवर खरखरीत कापड शिवून घेतलं होतं. मी त्याला म्हणालो, "साहेब, ही बघायला बनवलीय, वाजवायला न्हाई." त्याला राग आला. पण त्या दिवसापासून वेगळी घडण दिसली की मी आधी विचारतो, हे डोळ्यांसाठी केलंय की अंगासाठी? विचारायला शिकलो होतो खरा. नेमक्या वेळी विचारलं नाही, तीच ही गोष्ट.

जयंत सरांची ओळख करून द्यायला हवी. सत्तरीचे, आयुष्यभर ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेले, पुण्यातल्या अर्ध्या गिटारवाल्यांचे गुरू. माझ्याकडे येणारी दहातली सात गिऱ्हाइकं त्यांनीच धाडलेली असायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुळशी धरणाच्या बाजूला त्यांच्या एका शिष्याच्या शेतघरावर गिटारवाल्यांची बैठक भरते. तिथं सगळे आपापल्या गिटारी आणतात, वाजवतात आणि एकमेकांच्या गिटारींवर तोंडसुख घेतात. सरांचं मत ठरलेलं होतं. "गिटारला कंबर असावी, पोटावर भोक असावं, वर हेड असावं. बाकी सगळी सर्कस." हेड म्हणजे दांड्याचा वरचा रुंद शेवट, जिथं तारा पिळायच्या खुंट्या असतात. सर असं म्हणाले की सगळे माना डोलवायचे. मीही डोलवायचो, आणि मनापासून.

अशात वैदेही ताई आल्या. सूसला राहतात, तिशी ओलांडलेल्या, कंपनीतली नोकरी सोडून घरीच गिटार शिकवणाऱ्या. सहा महिन्यांपूर्वी सूसच्या खिंडीत खडीवरून त्यांची स्कूटर घसरली आणि डावा खांदा मोडला. आत पट्टी टाकली होती. डावा हात पुढे लांब जाईना आणि त्यावर भार सोसेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, की एकदा सावरलंय, पुन्हा ताण बसला तर गिटार विसरा. त्यांनी सहा महिने वाजवलं नव्हतं. शिष्यांना तोंडी शिकवत होत्या.

त्यांनी पुठ्ठ्याची एक गिटार कापून आणली होती, खऱ्या मापाची. पोट लहान आणि पातळ, दांडा आखूड, आणि हेडच नाही. दांडा जिथं संपतो तिथं सपाट कापलेला.

"काका, खुंट्या खाली पोटावर, ब्रिजच्या मागे घ्यायच्या," त्या म्हणाल्या. "वर काही वजनच नको. पोट एवढं लहान केल्यावर वर हेड ठेवलं तर ती पुढं झुकणार, आणि मग डाव्या हातानं तोलून धरावी लागणार. तेच मला जमत नाही."

त्यांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. तराजू ज्याला कळतो त्याला हे कळतं. मी तर बावीस वर्षं वजनाचं आणि मापाचंच अन्न खाल्लेलं. पण तो पुठ्ठा बघितला आणि माझ्या डोळ्यांपुढं बैठक आली. मुंडकं छाटल्यासारखी ती गिटार, सगळे हसतायत आणि सर विचारतायत, "मिस्त्री, ही तुमची?"

मी म्हणालो, "ताई, हेडशिवाय आवाज भरत न्हाई. थोडं वजन लागतंच तितं."

"नक्की?"

"इतकी वर्षं हेच करतोय."

त्यांनी पुठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बरं. लहान ठेवा मग. आवाजातलं तुम्हाला जास्त कळतं," म्हणाल्या.

आता इथं खरं बोलतो. हेड नसलं की आवाजात थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण आवाज भरत नाही ही मी थाप मारली. आवाजाची काळजी मला नव्हतीच, माझ्या नावाची होती. त्या बाईनं मिस्त्री म्हणून माझा शब्द मानला.

चार महिने लागले. पोटाला ताम्हिणीकडच्या एका जुन्या घराची शिवणीची फळी मिळाली, चांगली मुरलेली. दांडा सागाचा. हेड लहान ठेवलं, पण हात शिवशिवत होते, म्हणून त्यावर शिंपल्याचं पिंपळपान बसवलं. नखाएवढं, आतल्या शिरांसकट. तसं नक्षीकाम मी आयुष्यात केलं नव्हतं. रंजना, माझी बायको, चहा घेऊन शेडमध्ये आली, बघत उभी राहिली.

"लई देखणं झालंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पर त्या बाईनं हे वरचं नको म्हनलं हुतं न्हवं?"

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणालो. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी जेव्हा जेव्हा बोललो तेव्हा तेव्हा तिला कळलेलं होतं.

वैदेही ताईंनी ती गिटार पहिल्यांदा वाजवली तीही बैठकीतच. दहा महिन्यांनी वाजवत होत्या. आवाज असा उमटला की बाहेर सिगारेट ओढणारे आत आले. जयंत सरांनी गिटार हातात घेतली, पिंपळपानावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मिस्त्री, याला म्हणतात गिटार. लहान आहे, पण गिटार दिसते." माझी छाती फुगली. टाळ्या वाजल्या. ताईंनी नमस्कार करायला डावा हात सोडला आणि दांडा धाडकन खाली गेला. त्यांनी तो घाईनं सावरला, आणि त्यांचा ओठ दाताखाली गेला.

मला ते दिसलं. सगळ्या खोलीत मला एकट्यालाच कळलं असेल की काय झालं. मी चहाच्या कपाकडे बघितलं आणि स्वतःला सांगितलं, नवी आहे, सवय होईल.

त्यानंतर मला स्वस्थता नव्हती. काही कारण नसताना मी आधी केलेली कामं पुन्हा उघडायचो. चिकटलेलं तासायचो, तासलेलं घासायचो. रंजना म्हणायची, "अवो, बसा की जरा घटकाभर." बसलो की दांडा खाली जाताना दिसायचा. फोन करावा असं वाटायचं आणि करत नव्हतो. तीन महिने मी फोन केला नाही. तिकडूनही तक्रार आली नाही, म्हणजे सगळं ठीक असणार अशी स्वतःची समजूत घालत होतो.

शेवटी त्यांच्या एका शिष्येची गिटार दुरुस्तीला आली होती, ती पोचवायच्या निमित्तानं मी सूसला गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. दार शिष्येनंच उघडलं. आत शिकवणी चालू होती. मी दारातच थबकलो.

ताई खुर्चीवर बसल्या होत्या, खिडकीला खेटून. पडद्याच्या दांडीला एक निळी ओढणी बांधली होती. ओढणीचं दुसरं टोक माझ्या गिटारीच्या हेडला बांधलं होतं, पिंपळपानाच्या बरोबर खाली. ओढणी ताणलेली, त्यावर गिटारीचा भार, आणि ताई वाजवत होत्या. पाळण्याला दोरी बांधावी तशी त्यांनी माझी गिटार खिडकीला टांगली होती.

मला बघून त्या गडबडल्या. "अहो काका, या ना. हे असंच, थोडा आधार."

"कवापासून?" माझ्या तोंडून आमची घोटावड्याचीच बोली आली.

"दुसऱ्या आठवड्यापासून. गिटार छानच आहे हो. फक्त जराशी झुकते."

"मला का न्हाई सांगितलं?"

त्यांनी शिष्येला पाणी आणायला आत पाठवलं. "सगळ्यांना इतकी आवडली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती खूश होतात. आणि तुम्हीच म्हणालात ना, हेडशिवाय आवाज भरत नाही. मला वाटलं, चूक माझ्या खांद्याची आहे."

नेहमी वेणी घालणाऱ्या ताईंचे केस आज सुटे होते. मी वेड्यासारखं विचारलं, आज वेणी नाही? तर म्हणाल्या, महिना झाला, डावा हात डोक्यापर्यंत जात नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय. ते म्हणालेत, असंच राहिलं तर वाजवणं बंद.

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. म्हणालो, ताई, मी खोटं बोललो. आवाजासाठी न्हाई, सर हसतील म्हणून ठेवलं ते हेड.

मला वाटलं ओरडतील, ओरडायला हवं होतं. मग म्हणाल्या, "मी बरोबर होते म्हणजे." एवढंच. आणि डाव्या हाताला उजव्या हातानं धरून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मी गाठ सोडायला गेलो तर ती इतकी घट्ट बसलेली की सुटेना. ओढणी दांडीवरून काढली आणि गिटार तशीच, ओढणीसकट, घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गिटार शिकंज्यात धरली, करवत घेतली आणि उभा राहिलो. करवत टेकवायची, उचलायची. शिंपल्याचं पान बघायचं. बाहेर जाऊन नळ बंद आहे का बघायचा. परत यायचं. दुपार झाली. रंजना जेवायला बोलवायला आली.

"काय अडलंय?"

"एवढं चांगलं काम हाताला कधी लागलं न्हवतं," मी म्हणालो.

ती दारातच टेकून उभी राहिली. "दादांच्या बेंजूला कुटं हुतं हे? तरी सारी वस्ती नाचायची. तुमीच तर बटनं बसवायचा त्याची."

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या फळकुटावर मी वाढलो त्याला हेड नव्हतं, कंबर नव्हती, आणि मी दुसऱ्यांच्या गिटारींना सर्कस म्हणत होतो. दादा असता तर माझ्या पाठीत रपाटा घातला असता.

मी करवत चालवली. साग कापायला वेळ लागत नाही. हेड खाली पडलं, ओढणी अजून त्याला बांधलेली.

पुढचं काम कठीण होतं. खुंट्या वर नसतील तर तारा वर अडकवून ठेवायला काहीतरी हवं आणि खाली पिळायला काहीतरी हवं. फाउंड्रीतल्या एका जुन्या सोबत्याकडून पितळेच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या. एक वर बसवली, तारा घट्ट पकडणारी. दुसरी पोटाच्या खालच्या टोकाला, खुंट्यांसकट. पोटाला आतून नवा ठोकळा दिला, कारण ताण आता दुसरीकडून येणार होता. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी धड जेवलो नाही आणि रंजनाला धड जेवू दिलं नाही. झाल्यावर गिटार एका बोटावर तोलून बघितली. हलली नाही. पोटावर भार, दांडा हवेत, जागच्या जागी.

आवाज बदलला का? बदलला. खर्जाचा घुमारा जरासा कमी झाला. गिटारवाले म्हणतात ते अगदीच खोटं नसतं, हे मला कबूल आहे. पण फरक एवढाच होता की ऐकण्यासाठी कान टवकारावे लागत होते. आणि वेणी घालता येत नसलेली बाई बघायला डोळे असले तरी पुरे होते.

डॉक्टरांनी दोन महिने पूर्ण विश्रांती सांगितली. ते दोन महिने ती गिटार पेटीत पडून होती. माझा जीव टांगणीला लागला होता, विचारायचीही सोय नव्हती. मग एके दिवशी फोन आला, "काका, रविवारी बैठकीला येताय ना?"

ताई आत आल्या, बसल्या, पेटी उघडली. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, हिचं काय झालं?" जयंत सरांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, काय केलंत हे? एवढी देखणी होती."

"सर, ती पयल्यापासून अशीच पायजे होती," मी म्हणालो. "मी तुमच्यासाठी बिघडवली होती." असं सरांशी कुणी बोलत नाही.

ताईंनी वाजवलं. अर्धा तास, मध्ये एकदाच थांबून. शेवटी टाळ्या झाल्या तेव्हा त्यांनी डावा हात सोडून नमस्कार केला, आणि दांडा जिथं होता तिथंच राहिला. सर डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडल्यावर ते म्हणाले, "वाजते छान." मग गिटारीकडे बघितलं आणि म्हणाले, "पण दिसत नाही." त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडे कुणाला धाडलेलं नाही. माझा त्यांच्यावर राग नाही. वर्षभरापूर्वी त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

ताई आता रोज अर्धा तास वाजवतात, त्याहून जास्त नाही. आधी डॉक्टर एक तास तरी म्हणत होते. मधला अर्धा तास माझ्यामुळं गेला, आणि तो परत येणार नाही. वेणी त्यांची शेजारीण घालते. त्या मला अजून काका म्हणतात, सणाला फोन करतात, आणि झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर मला जरा झोप लागली असती.

कापलेलं हेड मी टाकलं नाही. शेडमध्ये माझ्या टेबलासमोर खिळा आहे, त्याला ते त्या निळ्या ओढणीनंच टांगलंय. गाठ सोडलेली नाही. आता माझ्याकडे येतात ती सगळी अशीच माणसं: कुणाचा अंगठा वाकत नाही, कुणाची पाठ धरते, एकाला एकच हात नीट चालतो. पुठ्ठे कापून आणतात, कागदावर काहीबाही आकार काढून आणतात. घाबरत दाखवतात, हसतील की काय म्हणून. बोलता बोलता नजर खिळ्याकडे जाते आणि विचारतात, एवढं सुंदर पान, ते कापून का ठेवलंय?

"ते माझं मत हाय," मी सांगतो. "ते तितंच राहू द्या. तुमी बोला, कुटं दुखतंय?"